अढळाचं चिलखत

त्या घरात सगळ्यांत उंच कोण, तर बारकी. नाव पडलं तेव्हा ती खरोखरच बारकी होती. शाळेत रांगेच्या पुढच्या टोकाला उभी असायची आणि ज्याला घाई असेल त्याने खुशाल यावं, खांद्याला धक्का द्यावा आणि तिच्या जागेवर उभं राहावं. भांडण तिच्या स्वभावात नव्हतं. घरी येऊन ती चित्र काढायची.

अशाच एका संध्याकाळी तिने एक बाई काढली. डोक्यापासून पायापर्यंत पत्र्यात मढवलेली, छातीवर गोल जाळी, डोळ्यांपुढे एक आडवी फट. नाव ठेवलं अढळा. बाकीचे महानायक उडतात, भिंतीवर चढतात, डोळ्यांतून जाळ काढतात. अढळाला यातलं काहीएक येत नव्हतं. तिची शक्ती एवढीच, की ती उभी राहिली की तिला तिथून कुणी हलवू शकत नसे.

बाबांनी चित्र हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, "पाठीमागून कशी आहे?"

बारकीने पाठीचा विचारच केला नव्हता. तिने तिथल्या तिथे दुसऱ्या कागदावर पाठ काढली. बाबांनी दोन्ही कागद खिशात घातले, आणि त्या आठवड्यात घरामागच्या खोलीतून जुना फ्रीज, मोडकी सायकल आणि रंगाचे वाळलेले डबे बाहेर निघाले.

बाबा पत्र्याचे कारागीर. मोठमोठ्या इमारतींच्या छतामागून थंड हवा नेणारे चौकोनी बोगदे असतात, डक्ट म्हणतात त्यांना, ते त्यांच्या कारखान्यात बनत. माणसं त्या हवेखाली बसून कामं करतात आणि वर काय आहे ते त्यांना जन्मात कळत नाही. बाबांना याचं काही वाटत नसे. त्यांचं म्हणणं एकच, की सांधा नीट बसला पाहिजे. बोलायला ते फार कंजूष होते, पण कामाचे त्यांचे काही नियम होते आणि ते मात्र न विचारता सांगत. त्यातला पहिला: चालू मशीनचं माप घ्यायचं नाही. कधीतरी कुणीतरी फिरत्या पंख्याला टेप लावायला गेला होता आणि बोटाचं टोक देऊन आला होता. दुसरा: टेपवर भरवसा नको, सुतळी बरी. सुतळी वळणावर वळते, कोपऱ्यात शिरते, गाठ मारली की माप पक्कं. बाबांच्या खिशात कायम गाठी मारलेली सुतळी असे. आई कपडे धुवायला टाकताना ती काढून दाराच्या कडीला अडकवायची.

तर बारकीचं माप घेतलं गेलं आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापले गेले. तुकड्यांवरून अॅल्युमिनियमचा पत्रा कापला, कडा दुमडल्या, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने छातीला गोलाई आणली. सगळं वजन कमरेच्या पट्ट्यावर यावं, खांद्यावर नको, असा बाबांनी हिशेब केला होता. हे सगळं रविवारचं काम. आणि रविवार म्हणजे पाहुणे, नळदुरुस्ती, बाजार. चिलखत गोगलगायीच्या गतीने चाललं होतं.

बारकी मात्र त्या गतीने चालली नाही. सातवी संपता संपता ती वाढायला लागली ती थांबेचना. चप्पल घ्यावी तर महिन्याभरात टाच बाहेर. पुढच्या वर्षी ती आईच्या वर गेली, मग बाबांच्या. रांगेत पहिली होती ती शेवटची झाली. शाळेत तिचं नाव शिडी पडलं. पोरं जाता जाता विचारायची, वर हवा कशी आहे? मग बारकीने तेच केलं जे बऱ्याच उंच मुली करतात. पोक काढला. खांदे पुढे, मान खाली, छाती आत. बसली की मुडपून बसायची, उभी राहिली की दाराला नाही तर भिंतीला टेकून अर्धी व्हायची. मागच्या खोलीचं दार तसंही बुटकं होतं. तिथे ती वाकूनच शिरायची, त्यामुळे तिथे तिला बरं वाटायचं.

बाबांची बहीण, म्हणजे बारकीची आत्या, पलीकडच्या गल्लीत राहायची. तिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. आली की दारातूनच ओरडायची, "अगं बाई, किती वाढशील! आता छताला भोक पाडायचं बाकी ठेवलंयस!" बारकी आणखी दोन बोटं खाली जायची. बाबा म्हणायचे, "चहा घे आधी," आणि विषय तिथेच संपायचा. घरात उंचीवर बोलायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, पण तो सगळे पाळत होते.

मग कारखान्यात मशीन आलं. एका बाजूने पत्र्याची गुंडाळी गिळायचं आणि दुसऱ्या बाजूने तयार डक्ट बाहेर टाकायचं. बाबांना पॅकिंगला बसवलं. मशीनने बनवलेल्या डक्टना प्लास्टिक गुंडाळायचं, चिकटपट्टी लावायची. घरी येऊन त्यांनी सांगितलं, "मला पॅकिंगला टाकलंय," आणि प्यायला पाणी मागितलं. पुढे त्यावर अवाक्षर काढलं नाही. पण त्या दिवसापासून चिलखत रविवारचं राहिलं नाही. कारखान्यातून आले की कपडे बदलायचे आणि सरळ मागच्या खोलीत. ठकठक ऐकू येऊ लागली. कानस घासल्याचा आवाज आला की आई दात आवळून म्हणायची, "हे एक बरं आहे, घरातल्या घरात लढाई."

चिलखताचं धड तयार झालं तेव्हा बाबांनी बारकीला हाक मारली. तिने ते जवळ जाऊन पाहिलं. चिलखत सुंदर होतं, यात वादच नव्हता. छातीवरची जाळी डक्टच्या जाळीसारखी बारीक पट्ट्यांची, कड कुठे हाताला लागत नव्हती, रिबिटांची रांग सुईने शिवल्यासारखी सरळ. फक्त ते एका बुटक्या मुलीचं होतं. ती बुटकी मुलगी आता तिथे राहत नव्हती.

बाबा पाठीमागे गेले, बकला लावायला लागले. बारकीने श्वास सोडला, पोट आत ओढलं, खांदे जवळ घेतले, पाठीची कमान केली. होता होईल तेवढी ती लहान झाली. शेवटचं बकल कसंबसं बसलं.

"कसं वाटतंय?" बाबांनी विचारलं.

"मस्त," ती म्हणाली. जास्त बोलायला आत हवाच नव्हती.

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी बकलं काढली आणि चिलखत टेबलावर ठेवलं.

बारकी स्वयंपाकघरात गेली. आई औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. दिवसभर लोकांना जेवणाआधी की जेवणानंतर ते सांगून घरी आल्यावर ती थोडक्यात बोलायची.

"आई, मला ते चिलखत होत नाही."

"मग सांग त्यांना."

"तू सांग ना."

"मी का? माझ्यासाठी बनवलंय का?" आईने डब्याचं झाकण लावलं आणि मग आवाज उतरवला. "हे बघ, त्यांच्या हाताला सध्या तेवढंच काम आहे. दिवसभर चिकटपट्ट्या लावून येतात. सांगायचं असेल तर सांग, पण विचार करून सांग."

बारकीने विचार केला आणि सांगितलं नाही. तिला बाबांचे हात आठवले. पॅकिंगला बसल्यापासून ते जेवण झालं की हात मांडीखाली ठेवायला लागले होते, उगाच. मागच्या खोलीत मात्र ते हात पूर्वीसारखे चालत होते. त्या हातांना तिने जाऊन सांगायचं की तुमचं हेही काम फुकट गेलं? तिच्याने ते झालं नसतं. पोक काढायची तर तिला सवयच होती. अजून थोडा काढू, असं तिने ठरवलं.

मध्ये एका रविवारी दुपारी ती बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपली होती. झोपेत माणूस अंग चोरत नाही, त्यामुळे तिचे पाय दिवाणाबाहेर पार लोंबत होते. जाग आली तर बाबा उशाशी उभे, हातात सुतळी.

"काय झालं?"

"पंख्याचं बघत होतो," बाबा वर बघत म्हणाले. "आवाज करतोय."

पंखा बंद होता. बारकीने कूस बदलली आणि पुन्हा झोपली.

हात झाले, पाय झाले. ते बारकीला व्यवस्थित बसले, तेव्हा तिला नवल वाटलं. पण त्यांना पट्टे होते, पट्टे सैल करता येतात, अशी तिने स्वतःची समजूत घातली. धडाची पुन्हा एकदा चाचणी झाली. या वेळी तिने आधीच श्वास सोडून, पाठ वाकवून तयारी ठेवली होती. गळपट्टा वर सरकून हनुवटीला लागला, खांद्याच्या वाट्या बाहेरच्या बाजूला लोंबायला लागल्या. बारकीला वाटलं, आपण इतके वाढलोय की आता हे अंगावरून वर निघायला लागलंय. बाबा समोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी खिशातून सुतळी काढली, बोटांनी गाठी चाचपल्या, परत ठेवली.

"कसं वाटतंय?"

"मस्त."

"बरं."

शिरस्त्राणासाठी आईचं मोठं पातेलं गेलं. ते ती शोधत होती तेव्हा बाबा तिथेच अगदी निरागस चेहऱ्याने बसले होते. पातेलं सापडलं ते दोन भागांत. आई म्हणाली, "घरात चोर नाही म्हणून निर्धास्त होते." पण तिने ते परत मागितलं नाही.

वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता, त्यात वेशभूषा स्पर्धा. आत्याने कुणाला न विचारता बारकीचं नाव घातलं आणि वर घरी येऊन सांगितलं, "उंचीचा काहीतरी उपयोग होऊ दे." शिरस्त्राण त्याच दिवशी सकाळी पूर्ण झालं. ते गळपट्ट्यावर ठेवून डब्याच्या झाकणासारखं फिरवलं की अडकायचं. घालून बघायला वेळच मिळाला नाही.

तयारीची जागा म्हणजे वाचनालयाची मागची खोली. वर्तमानपत्रं बाजूला सारून टेबलांवर मुकुट, पंख, शेपट्या पसरलेल्या. एक मुलगा टपालपेटी झाला होता. लाल पुठ्ठ्याच्या पेटीतून त्याचे फक्त पाय दिसत होते आणि त्याची आई त्याला तोंडाच्या फटीतून पाणी पाजत होती. बाबांनी कोपऱ्यात बारकीला एकेक भाग चढवला. तिने सगळ्यात आधी काय केलं असेल, तर पोक काढला. बकलं लागली. मग बाबांनी शिरस्त्राण वर ठेवलं आणि फिरवलं.

अंधार झाला.

डोळ्यांसमोरची फट कुठेतरी वर, कपाळापाशी होती. समोर फक्त पातेल्याचा पत्रा. बारकीला वाटलं, हे व्हायचंच होतं. बाबांनी त्या बारक्या मुलीच्या मापाने फट कापली, आणि आता काहीच जागच्या जागी नाही. दिसत नाही म्हणावं, तर बाबा विचारणार, का दिसत नाही? मग सगळंच सांगावं लागणार, आणि तेही इतक्या लोकांत. ती गप्प राहिली.

बाहेर टाळ्या वाजल्या. टपालपेटी दारात अडकली, तिला तिरकी करून बाहेर काढली. मग निवेदकाने पुकारलं, "आणि आता येत आहे, अढळा!"

आत्याने तिला दंडाला धरून रंगमंचाच्या पायऱ्यांपर्यंत नेलं आणि सोडलं. बारकीने अंदाजाने पाय उचलला. गुडघ्याची वाटी मांडीच्या पत्र्यावर आपटली, पाऊल पायरीच्या कडेला लागलं आणि ती दोन्ही हातांवर पडली. एखाद्याच्या घरातली भांड्यांची मांडणी कोसळावी तसा आवाज झाला. सभागृह हसलं. हसू दुष्ट नव्हतं, पण आत पातेल्यात ते फार मोठं ऐकू येत होतं.

कुणीतरी तिला उभं केलं. मग कानाजवळ बाबांचा आवाज आला, हळू.

"बारके, पोक काढू नकोस."

तिला धक्का बसला. हा शब्द बाबांनी तिच्यासमोर कधीही उच्चारला नव्हता.

"बाबा, तुटेल."

"काय तुटेल?"

"रिबिटं. मी सरळ झाले तर सगळं फुटेल."

बाबांनी कमरेचा पट्टा एकदा ओढून पाहिला. मग म्हणाले, "माझी रिबिटं?" आणि त्यांचा आवाज चक्क दुखावलेला होता. "उभी राहा."

ती उभी राहायला लागली. आधी कंबर, मग पाठ, थोडी थोडी. पहिला कडाड्‌ आवाज कधी येतो याची ती वाट बघत होती. तो आला की बाबांचं सगळं काम लोकांसमोर उसवणार, आणि ते बिचारे खाली वाकून तुकडे गोळा करणार, हे तिला आत्ताच दिसत होतं. तिचे डोळे भरून आले. पण आवाज आला नाही. पाठ सरळ झाली आणि पाठीच्या पत्र्याला जाऊन टेकली. खांदे मागे गेले, वाट्या त्यांच्यावर अलगद बसल्या. तिने भीत भीत श्वास घेतला. छाती भरली, तरी पुढे बोटभर जागा उरली. मान वर आली, आणि आडवी फट आपोआप खाली येऊन बरोबर डोळ्यांसमोर थांबली.

तिला सगळं दिसलं. दिवे दिसले, भरलेलं सभागृह दिसलं, तोंड उघडं ठेवून उभी असलेली आत्या दिसली. पायरीखाली बाबा उभे होते. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. ते कमरेवरच्या सांध्याकडे बघत होते, डोळे बारीक करून, आणि मग त्यांनी मान हलवली. काम झालं की ते अशीच मान हलवत. कारखान्यात मशीन आल्यापासून ती हलली नव्हती.

बारकी पायऱ्या चढून मधोमध जाऊन उभी राहिली. निवेदकाने विचारलं, या ताईकडे काय शक्ती आहे? ती म्हणाली, "मला हलवून दाखवा." आधी कुणी येईना. मग टपालपेटी पुढे आली, मागून पंखवाले, शेपटीवाले, आणि सगळ्यांनी मिळून तिला ढकललं. ती हलली नाही. वजन कमरेवर होतं आणि पाय जमिनीवर होते. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बक्षीस टपालपेटीला मिळालं, कारण परीक्षकांना ती गोड वाटली. त्यावरून आत्या परीक्षकांशी भांडली, ते ऐकायला बरीच गर्दी जमली होती.

घरी ती चिलखत घालूनच चालत आली. मागच्या खोलीच्या दारात मात्र ती वाकायला विसरली. शिरस्त्राण चौकटीला लागून टणकन वाजलं आणि ती मागे सरकली. बाबांनी ते फिरवून उतरवलं आणि पोचा पडला का ते पाहिलं. मग तिला वाकवून आत घेतलं आणि बकलं काढली.

टेबलावर उताणं पडलेलं धड बारकीने पहिल्यांदा आतून पाहिलं. कमरेवर एक आख्खी नवी पट्टी जोडलेली होती. खांद्यापाशीही जोड होता. बाहेरून कुठे काही कळत नव्हतं. आतली रिबिटं मात्र जुन्यांपेक्षा चकचकीत होती.

"हे कधी केलंत?"

"पहिल्या चाचणीनंतर."

"तुम्हाला कळलं होतं?"

"ताणलेला पत्रा वाजवला की वेगळा वाजतो," बाबा म्हणाले. "तू मस्त म्हणालीस ना, ते तसं वाजलं."

"मग बोलला का नाहीत?"

बाबांनी पट्टीवरून अंगठा फिरवला. "तुला उंचीवरून बोललेलं आवडत नाही. म्हटलं, गुपचूप वाढवून टाकू. माप तू झोपलीस तेव्हा घेतलं. पण मग दुसऱ्यांदा घातलंस तर सगळं ढगळ. मला वाटलं, हात गेला आपला. सुतळी पुन्हा पुन्हा बघितली. सुतळी तर बरोबर होती."

बारकीला रडू आणि हसू एकदमच आलं. "मला वाटलं, होत नाही म्हटलं तर तुम्हाला पुन्हा पॅकिंगला बसवल्यासारखं वाटेल."

बाबांनी हातोडा उचलून जागेवर ठेवला. बारकीला वाटलं, आता ते पाणी मागतील.

"वाईट वाटतं तिथे," ते म्हणाले. "रोज वाटतं." एवढं बोलून त्यांनी खिशातून सुतळी काढली. "दारात उभी राहा बघू."

"चालू मशीनचं माप घ्यायचं नसतं ना?"

"मग हलू नकोस."

ती दाराच्या बाहेर, चौकटीला पाठ लावून उभी राहिली, पूर्ण. बाबांनी स्टूल आणलं, त्याच्यावर चढले, टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी ताणली आणि तिच्या डोक्याशी गाठ मारली. मग तिला बाजूला करून सुतळी चौकटीला लावली. गाठ चौकटीच्या वर, भिंतीवर आली. कानावरची पेन्सिल काढून बाबांनी भिंतीवर खूण केली, पण गाठीपाशी नाही. गाठीच्या वर चार बोटं धरून तिथे केली.

"गाठ इथे आहे बाबा," बारकी म्हणाली.

"माहीत आहे," ते स्टुलावरून उतरत म्हणाले. "अजून वाढशील. दारासाठी भिंत पुन्हा पुन्हा कोण फोडणार?"